चांदणीची गोधडी: आधी पडद्यावर, मग कापडावर

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

दादाकडे जेवणं उरकल्यावर भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती साउथ डकोटात शिकते. तिच्या वर्गातल्या एका लाकोटा (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) मुलीला पदवी मिळाली, तेव्हा घरच्यांनी तिच्या खांद्यावर गोधडी पांघरली होती. त्याचा फोटो तिने दाखवला. आठ टोकांची एकच भलीमोठी चांदणी, या काठापासून त्या काठापर्यंत. शंकरपाळ्यासारखे शेकडो तुकडे, आणि रंग मधून बाहेर लाटेसारखे पसरत गेलेले.

भाची फेब्रुवारीत लग्नासाठी येणार आहे. म्हणाली, "मावशी, अशी एक मला करून दे ना. अगदी त्यांची नको, आपली वाटली पाहिजे."

आत्या शेजारीच होती. तिने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "हिला चिंध्या किती लागल्या असत्याल गं?"

म्हटलं, मोजून सांगते. वही त्यासाठीच काढली आहे.

माझी पात्रता: दिवसभर ऑफिसात ऑटोकॅडवर कालवे आणि मोऱ्या काढते. शिवणात पडदे, अभ्रे, परकर. गोधड्या तीन, त्याही आत्याच्या हाताखाली.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त वाचन. या आकृतीला अमेरिकेत 'लोन स्टार' म्हणतात, 'बेथलेहेमची चांदणी' हेही जुनं नाव. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरात ती आधीपासून होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मैदानी प्रदेशातले बायसनचे कळप मारून संपवले गेले आणि लाकोटांची कातड्याची पांघरुणं गेली. मिशन आणि निवासी शाळांमधून बायका-मुलींना शिवण शिकवलं जात होतं. त्यांनी याच चांदणीत आपला पहाटेचा तारा पाहिला आणि कातड्याच्या जागी ही गोधडी आली. बारसं, लग्न, पदवी, मयत, ज्याचा मान करायचा त्याला ती देतात. मोंटानातल्या फोर्ट पेक राखीव भागात तर शाळांच्या बास्केटबॉल सामन्यांतही या गोधड्या दिल्या जातात.

देण्यासाठी शिवायची, हे आपल्याकडेही आहेच. बाळंतविडा गोधडीशिवाय होतो का? पण त्यांचे रंग किंवा त्यांची मांडणी उचलायची नाही. आकृती सगळ्यांची. रंग आपले.

१० नोव्हेंबर, रविवार

आधी कागदावर गणित, सॉफ्टवेअर नंतर. ऑफिसातली सवय.

चांदणी म्हणजे आठ मोठे समभुज चौकोन. प्रत्येकाचं टोक ४५ अंशांचं, आठ टोकं मध्यात एकत्र आली की ३६० पूर्ण. प्रत्येक मोठ्या चौकोनाच्या पोटात ६ × ६ = ३६ छोटे. आठांचे मिळून २८८. आत्याचं उत्तर मिळालं.

हे २८८ तुकडे सुटे कापायचे नसतात, हे वाचून हायसं वाटलं. लांब पट्ट्या कापायच्या, सहा-सहा पट्ट्या एकमेकींना जोडायच्या, मग तो जोडलेला पट्टा ४५ अंशांत तिरका कापायचा. प्रत्येक कापात सहा शंकरपाळ्यांची तयार ओळ मिळते.

पट्टी अडीच इंचाची कापायची. दोन्हीकडे पाव-पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड), म्हणजे शिवल्यावर दोन इंच उरणार. दोन इंच रुंदीच्या पट्टीतून ४५ अंशांत निघालेल्या शंकरपाळ्याची बाजू २ × √२ = २.८३ इंच. सहांची बाजू १६.९७, म्हणजे १७ धरू.

आता गंमत. चांदणी चौकोनात बसवायची तर कोपऱ्यांत चार चौकोन येतात, बाजू १७. काठांच्या मध्ये चार त्रिकोण, त्यांची काठावरची बाजू १७ × √२ = २४.०४. एक काठ म्हणजे १७ + २४ + १७ = ५८ इंच. इतके गुळगुळीत आकडे आले की मी आधी चूक शोधत बसले. चूक नव्हती. १७ आणि २४ ही √२ ची जुनी ओळखीची जोडी. बौधायनाच्या शुल्बसूत्रात √२ साठी १ + १/३ + १/१२ आणि मग एक बारीक वजाबाकी दिली आहे. पहिल्या तीन पदांची बेरीज १७/१२, आणि १७/१२ च्या दुसऱ्या अंगाला २४/१७. शुल्ब म्हणजे दोरी. वेदी आखायला त्यांनी दोरी ताणली, मी पुढच्या महिन्यात दोरा ओवीन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

घरच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड नाही. गोधड्यांची खास सॉफ्टवेअर आहेत, पण एका गोधडीसाठी डॉलर मोजायची तयारी नाही. इंकस्केप फुकट आहे आणि रेषा नेमकी काढतं, तेवढं पुरे.

पहिला शंकरपाळा काढला: आडवी बाजू २.८२८ इंच, उंची २, वरची बाजू २ इंच उजवीकडे सरकलेली. एकूण पसारा ४.८२८ × २. मग 'टाइल्ड क्लोन्स'मध्ये (एकाच आकाराच्या प्रती ओळीने मांडणारी सोय) ६ ओळी, ६ स्तंभ. इथे एक तास गेला, कारण हे यंत्र प्रत्येक प्रत पूर्ण पसाऱ्याइतकी लांब ठेवतं, त्यामुळे शंकरपाळ्यांत फटी पडतात. सरकवण्याचा आकडा टक्क्यांत द्यावा लागतो. गणित केलं: स्तंभागणिक आडवं उणे ४१.४२ टक्के, ओळीगणिक आडवं अधिक ४१.४२ टक्के. परत तेच √२, फक्त एक वजा करून. आकडे टाकले आणि सगळे तुकडे खटकन एकमेकांना चिकटले. आवाज अर्थात माझ्याच डोक्यात झाला.

तरी बारीक पांढऱ्या रेषा दिसत होत्या. बाहेरच्या रेघेची जाडी मापात धरली जात होती. रेघ काढून टाकली, फटी गेल्या.

मोठा चौकोन तयार झाल्यावर फिरवायचा मध्यबिंदू त्याच्या टोकावर नेऊन ठेवला आणि ४५-४५ अंशांनी सात प्रती फिरवल्या. चांदणी! फाइल 'चांदणी_०१'. रात्रीचा एक वाजला होता.

२० नोव्हेंबर, बुधवार (मतदानाची सुट्टी)

सकाळी मतदान, मग दिवसभर रंग.

सहा बाय सहाच्या चौकोनात टोकापासून टोकापर्यंत ११ तिरक्या रांगा होतात. तुकडे १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. एका रांगेला एक रंग दिला की आठही चौकोन मिळून एकेक वलय दिसतं. इंकस्केपमध्ये ११ 'स्वॉच' केले. स्वॉचचा रंग बदलला की तो वापरलेले सगळे तुकडे एकदम बदलतात. सहाव्या रांगेचे ४८ तुकडे एका क्लिकला हिरव्याचे वांगी झाले. याच कामासाठी संगणक घ्यावा. हेच कागदावर रंगपेटी घेऊन करणाऱ्या बायकांना माझा दंडवत.

पहिली मांडणी मला फार आवडली होती: मध्यात हळदी, मग शेंदरी, डाळिंबी, गर्द हिरवा, मोरपंखी. सहज म्हणून पडदा करड्या छटांवर टाकला. डाळिंबी, हिरवा आणि मोरपंखी तिन्ही एकाच राखेत बुडाले. तीन वलयं कुठे गेली ते कळेना. रंग वेगळे, पण गडदपणा तोच. संध्याकाळच्या उजेडात पलंगावर टाकलेली गोधडी अशीच गढूळ दिसली असती.

म्हणून आता उजळ-गडद-उजळ अशी चढण-उतरण. मधून बाहेर: मोतिया, लिंबू, हळदी, शेंदरी, डाळिंबी, वांगी, मोरपंखी, आकाशी, पोपटी, पुन्हा लिंबू, पुन्हा मोतिया. वांगी सगळ्यांत गडद आणि बरोबर मधल्या, सर्वांत लांब रांगेत.

पार्श्वभूमी मी बदामी ठेवली होती. चुलतभावाच्या फोनवर चित्र पाठवून आत्याला विचारलं. तिचा आवाज आला, "चांदणी दिवसा दिसती व्हय गं?"

काळी करून पाहिली. चित्र उठलं! पण लग्नाच्या भेटीला काळा रंग? मी कचरत तिला पुन्हा फोन केला. आत्या म्हणाली, "लगीन झाल्यावर पहिल्या संक्रांतीला चंद्रकळा घेत्यातच की. काळीच असती ती." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पार्श्वभूमी चंद्रकळेची. फाइल 'चांदणी_०७'.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुण्याला, लक्ष्मी रोडवर. ब्लाउजपीसच्या मॅचिंग सेंटरसारखं रंगांचं दुकान जगात दुसरं नसेल. एका लिंबूच्या सतरा छटा काउंटरवर मांडल्या. मात्र रुबिया नको म्हटलं, फार पातळ. कॅम्ब्रिक घेतलं, पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच.

लॅपटॉपवरचे रंग घेऊन दुकानात जाऊ नये. पडद्यावरचा वांगी दिव्यासारखा आतून उजळतो, कापडाचा वांगी दिसतो तेवढाच. मी नऊही कापडांचे फोटो दाराबाहेर उन्हात काढले, फोनवरच करडे करून पाहिले आणि दोन बदलले. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, ब्लॅक अँड व्हाइट ब्लाउज शिवताय का?"

आदल्या रात्रीच्या हिशोबाप्रमाणे घेतलं: दोन ते चार पट्ट्यांचे रंग पाव-पाव मीटर, पाच-सहा पट्ट्यांचे अर्धा-अर्धा. एकूण ३ मीटर. काळं २ मीटर.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रात्री कापायला बसले आणि चूक कळली. चार पट्ट्या म्हणजे १० इंच. पाव मीटर म्हणजे ९.८४ इंच. मी डोक्यात 'पाव मीटर म्हणजे दहा इंच' धरून चालले होते. लिंबू, शेंदरी, आकाशी तिन्हींची चौथी पट्टी जेमतेम सव्वादोन इंचांची. आणि अजून कापड पाण्यात घातलेलंही नाही.

ऑफिसात कोणी असा आकडा दिला असता तर मी ड्रॉइंग परत पाठवलं असतं.

१ डिसेंबर, रविवार

सगळं कापड धुतलं. वांगी आणि डाळिंबी तीन पाण्यांत रंग सोडत होते. मीठ घालून रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, दुकानच्या रासायनिक रंगाला मिठाने काही होत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं.

मग खळ. भाताची पेज गाळून पातळ केली, कापड बुडवलं, ओलसर असताना इस्त्री. हे कौतुकासाठी नाही. ४५ अंशांत कापलेली प्रत्येक कड क्रॉसमध्ये येते, आणि क्रॉसचं कापड चिमटीत धरून जरा ओढलं की लांबतं. सैल कापडाचे २८८ तुकडे म्हणजे २८८ वेगवेगळी मापं. खळीने कापड कागदासारखं वागतं, शिवून होईपर्यंत तरी.

चौथ्या पट्ट्यांचा तोडगा निघाला. एका पट्ट्यातून आठच काप हवेत. एका कापाला पट्टीची लांबी अडीच × √२ = साडेतीन इंच लागते, वर पहिला तिरका कोपरा वाया. म्हणजे ३१ इंच पुरतात. पन्हा ४४, काठ सोडून ४३. प्रत्येक पट्टीचे ११-१२ इंच उरतात. तीन पट्ट्यांचे उरलेले तुकडे जोडले की चौथी पट्टी होते. शंकरपाळ्याच्या पोटात कुठेतरी जोड येणार. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "बिनजोडाची गोधडी कुणी बघितलीय?"

८ डिसेंबर, रविवार

या प्रकल्पातला सगळ्यांत महत्त्वाचा दिवस, आणि दिवसअखेर हातात काही नाही.

पट्ट्या ३६ कापून झाल्या. पट्टे सहा: पहिल्यात रंग १ ते ६, दुसऱ्यात २ ते ७, असं करत सहाव्यात ६ ते ११. जोडताना प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा दोन इंच मागे सरकवून लावायची, जिन्यासारखी. म्हणजे तिरकं कापताना कापड वाया जात नाही.

पहिला पट्टा शिवला, इस्त्री केली, मोजला. रुंदी साडेबारा इंच हवी: सहा पट्ट्या दोन-दोन इंचांच्या, वर दोन्ही कडांची पाव-पाव माया. भरली ११ इंच ७ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पाच सूत गायब!

मशीनच्या दाबपायाशेजारी (कापड दाबून धरतो तो) पाव इंचाची खूण म्हणून चिकटपट्टी लावली होती. पट्टीने तपासली तर बरोबर पाव इंच. मग पाच सूत गेले कुठे? शिवणी पाच. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडून मिळून एक सूत जात होतं, म्हणजे माया पाव इंचाऐवजी पाव आणि अर्धा सूत पडत होती. थोडी चूक सुईची: ती दाबपायाच्या मध्यावर नव्हती आणि मी खूण दाबपायाच्या कडेपासून मोजली होती. थोडी चूक कापडाची: शिवण उलगडून दुमडली की दुमड आणि दोरा स्वतःची जागा घेतात.

फाइलमध्ये रेषेला जाडी नाही. मी ती स्वतःच काढून टाकली होती, फटी दिसतात म्हणून. कापडात मात्र प्रत्येक रेषेला जाडी आहे.

पाच शिवणी उसवल्या. चिकटपट्टी एक केस आत घेतली. अडीच इंचाचे दोन तुकडे जोडून पाहिले, साडेचार भरले पाहिजेत. पहिल्यांदा साडेचारला अर्धा सूत कमी. पुन्हा सरकवली. पाचव्या वेळेला साडेचार नेमके. त्या चिकटपट्टीवर आता पेनाने लिहून ठेवलंय: हात लावू नये.

१५ डिसेंबर, रविवार

सहाही पट्टे तयार. रुंदी: १२.५, १२.५, १२ इंच ३ सूत, १२.५, १२.५, १२.५. तिसऱ्याला माफ केलं.

तिरक्या कापासाठी शंकरपाळ्याचा कागदी नमुना फाइलमधून छापून आणला. स्टीलची पट्टी लावली तर अडीचच्या जागी २ इंच ३ सूत. झेरॉक्सच्या दुकानात 'पानात बसवा' हे दाबून छापलं होतं, मीही तिथे मोजलं नाही. कोन बरोबर, माप ९५ टक्के. यापुढे छापायच्या प्रत्येक पानावर एक इंचाचा चौकोन ठेवायचा.

शेवटी नमुना बाजूला ठेवला आणि ड्रॉइंग शिकत असतानाचा मोठा गुण्या काढला, ४५ अंशांचा. पंचवीस वर्षांनी कामाला आला. दर दोन कापांनंतर कोन पुन्हा तपासायचा, कारण पट्टा कापता कापता हलत जातो. तीन काप न तपासता केले, चौथा ४४ अंशांवर पोचला होता.

२५ डिसेंबर, बुधवार

सहा पट्ट्यांतून आठ-आठ अशा ४८ ओळी झाल्या. आता प्रत्येक पट्ट्याची एक ओळ घेऊन सहा ओळींचा एक मोठा चौकोन. एका चौकोनात पाच शिवणी, प्रत्येक शिवणीवर पाच ठिकाणी चार टोकं भेटतात. म्हणजे २५ भेटी, आठांच्या २००.

इथे साध्या चौकडीच्या गोधडीची सवय फसवते. कडा कडांना जुळवल्या की जुळलं असं वाटतं. तिरक्या तुकड्यांत कडेवर काहीच जुळायचं नसतं, जुळायचं ते कडेपासून पाव इंच आत, जिथून दोरा जाणार तिथे. म्हणून टाचणी वरच्या ओळीच्या शिवणीतून, कडेपासून पाव इंचावर, सरळ खाली खुपसायची, ती खालच्या ओळीच्या शिवणीतून त्याच अंतरावर बाहेर यायला हवी. आली की तिला उभीच ठेवून दोन्ही बाजूंना दुसऱ्या टाचण्या लावायच्या आणि ती काढून घ्यायची. तिलाच आडवी पाडली की जुळलेलं सरकतं. दोन्ही टोकांना तुकड्याचे कान बाहेर डोकावतात. डोकावू देत, तसेच हवेत.

पहिल्या चौकोनाला अडीच तास. २५ पैकी १९ बरे, ४ चालतील, २ उसवले.

२९ डिसेंबर, रविवार

आठही चौकोन झाले. शेवटच्याला ५० मिनिटं.

५ जानेवारी २०२५, रविवार

दोन-दोन जोडून चार जोड्या, मग दोन अर्ध्या चांदण्या. प्रत्येक शिवण बाहेरच्या टोकाला पाव इंच आधी थांबवून टाका पक्का केला. तिथे पुढे काळा चौकोन बसायचा आहे.

अर्धी चांदणी जमिनीवर पसरली. चार ४५ म्हणजे १८०, तेव्हा मधली कड सरळ रेषेत हवी. स्टीलची पट्टी लावली. एक अर्धी सरळ, दुसरीच्या मध्याला पट्टी टेकली आणि टोकांशी तीन सूत फट. ४४ अंशांचे ते काप इथे जमा झाले होते. हे तसंच जोडलं असतं तर आठ टोकांची बेरीज ३६० भरली नसती आणि गोधडीच्या मध्यात छत्री उभी राहिली असती. इस्त्रीने ती बसत नाही, कापडच कमी असतं.

दोन शिवणी बाहेरच्या टोकाच्या बाजूने उसवून तिथे केसभर कमी माया घेतली. फट अर्ध्या सुतावर आली. तेवढी फट, खळ धुतल्यावर, कापड सांभाळून घेईल.

मग मधली लांब शिवण. मध्यात आठ टोकं, प्रत्येकाची माया, बारा-पंधरा पदरांचा गड्डा. मशीनची सुई मोडली. चाक हाताने फिरवत तेवढा इंच पार केला. मागून सगळ्या माया एकाच दिशेला फिरवून दाबल्या, तर गड्डा उलगडून सपाट झाला आणि मागच्या बाजूला आठ पाकळ्यांचा छोटा भोवरा तयार झाला. तो फाइलमध्ये कुठेच नव्हता. समोरून पाहिलं: सात टोकं एका बिंदूत, आठवं जरासं बाजूला, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं. राहू दे.

१२ जानेवारी, रविवार

काळे चौकोन साडेसतरा इंचांचे चार. त्रिकोणांसाठी सव्वापंचवीसचा एकच चौकोन दोन्ही कर्णांवर कापला, म्हणजे काठावर उभा-आडवा धागा येतो आणि काठ ताणत नाही. हे बसवणं म्हणजे चोळीची बगल: एक बाजू कोपऱ्यापर्यंत शिवायची, सुई कापडात रुतवून ठेवायची, दाबपाय उचलायचा, कापड वळवायचं, दुसरी बाजू. आठ बगला, दोन रविवार धरले होते, एका दुपारीत झाल्या. का कोण जाणे, हे मला जमतं.

माप: ५७ इंच ३ सूत बाय ५७ इंच ५ सूत. फाइल म्हणते ५८.

१४ जानेवारी, मंगळवार (संक्रांत)

आत्या गावाहून आली. तिळगूळ हातावर ठेवला आणि थेट खोलीत. चांदणी पलंगावर पसरलेली होती. तिने आधी उलटी करून मागची बाजू पाहिली, मग सुलटी. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाय उघडं राहत्याल पोरीचं."

खरंच, चौरस गोधडी भिंतीवर शोभते, अंगावर अपुरी. उशाला आणि पायथ्याला आठ-आठ इंचांची खणाची पट्टी वाढवायची ठरलं. गुळेदगुड्डचा खण कपाटात होता, डाळिंबी. फाइलमध्ये लावून पाहिला, दोन मिनिटं. शिवायला एक रात्र.

१९ जानेवारी, रविवार

आत भरायला आजीची दोन सुती लुगडी, अस्तराला मांजरपाट. चार कोपरे ताणून कच्चे टाके घातले. गुडघे गेले.

हाताच्या टाक्यांचाही आराखडा मी केला होता. फाइलमध्ये 'टाके' नावाचा वेगळा लेअर: प्रत्येक शंकरपाळ्याच्या आत पाव इंचावर धावदोरा, काळ्या चौकोनांत छोट्या चांदण्या. लॅपटॉप आत्यासमोर धरला. तिने बघितलं, चष्मा काढला.

"ह्ये कुठनं सुरू करायचं?"

"मधून. मधून बाहेर."

"काठापासनं आत जायचं असतंय. काठ आधी बांधला म्हंजे कापड पळत नाही."

"अगं पण, चांदणीचे कोपरे..."

"कोपरं दिसत्यात की. कशाला परत गिरवायचं?"

सुई तिची, लेअर माझा. लेअर बंद केला.

९ फेब्रुवारी, रविवार

आत्या रोज दुपारी दोन-तीन तास बसते. काठावरून निघालेली दोऱ्याची ओळ बोटभर अंतर राखून फेऱ्या घेत आत येते. ती चांदणीला जुमानत नाही, टोकं आली तरी सरळ त्यांच्यावरून जाते. पुढून पाहिलं की रंगांची वलयं बाहेर पसरतात आणि टाक्यांच्या फेऱ्या आत येतात. पडद्यावर हे मला कधी सुचलं नसतं. सुचलं असतं तरी खोडलं असतं.

आज मी बगलेतल्या एका जोडाजवळ बोट ठेवून विचारलं, इथे आकाशीचा जोड दिसतो, त्यावर एखादं फूल काढशील का? म्हणाली, "दिसू दे. किती कापड पुरलं त्ये तिला कळंल."

मधला दीड वीत भाग बाकी आहे. भाची २० तारखेला उतरते.